मनीऑर्डर कोणाच्या नावावर?

आमच्या गावात महिना पंधरा तारखेच्या आसपास सुरू व्हायचा. त्याचं कारण मुंबईत होतं. हजारावर कामगार असलेल्या कारखान्याला पगार वाटायला महिना संपल्यावर दहा दिवसांची मुदत मिळायची, ती १९३६च्या पगारवाटपाच्या कायद्याने दिलेली. लहान कारखान्याला सातच दिवस. गिरण्या हजाराच्या वरच्या, म्हणून पगार दहाच्या सुमाराला. मग लालबाग-परळच्या पोस्टांत रांगा, आणि तिथून चार-पाच दिवसांनी कणकवली तालुक्यातल्या आमच्या ओटीवर पोस्टमनची पिशवी. मधल्या दिवसांत दुकानदाराच्या वहीत एकच वायदा चालायचा : मनीआर्डर इल्यार.

लहानपणी मी त्या पिशवीची वाट बघणाऱ्यांत होतो. पुढे १९७८ साली टपालखात्यात क्लार्क म्हणून चिकटलो आणि २०१६ साली पोस्टमास्तर म्हणून बाहेर पडलो. त्यामुळे या विषयावर मला बोलवलं नाही तरी मी बोलतो, अशी घरात तक्रार आहे. पण मनीऑर्डरीबद्दल जे लिहिलं जातं त्यात पोस्टमन, म्हातारी आई आणि डोळ्यांतलं पाणी एवढंच असतं. मला त्या फॉर्मवरचा एकच रकाना महत्त्वाचा वाटतो, पैसे घेणाराचं नाव. कोकणातल्या घरांत कोणाचं काय चालत होतं, ते त्या रकान्यावरून कळायचं.

टपालखात्याने मनीऑर्डरीचं काम हाती घेतलं ते १ जानेवारी १८८० पासून. त्याआधीही सरकारी मनीऑर्डर होती, पण ती तिजोरीमार्फत. एका जिल्ह्याच्या तिजोरीत पैसे भरायचे, दुसऱ्या जिल्ह्याच्या तिजोरीतून उचलायचे. रत्नागिरीची तिजोरी रत्नागिरीत. मालवणकडच्या बाईने तिथवर जायचं कसं? हुंडी होती, पण ती पेढीवाल्यांची आणि व्यापाऱ्यांची. बारा रुपये पाठवणाऱ्या गिरणीकामगाराला एकच वाट उरायची, गावी निघालेल्या भरवशाच्या माणसाच्या कनवटीला पैसे देणं. पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणजे तो माणूसही नाही. आणि घरात पैशाची नड नेमकी तेव्हाच, लावणीच्या दिवसांत, कणगी तळाला गेलेली असताना.

कावसजी दावरांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली १८५४ साली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत मुंबईला रत्नागिरी जिल्ह्यातून एवढी माणसं गेली की १९११च्या जनगणनेत शहराच्या जेमतेम दहा लाख वस्तीत दोन लाखांहून जास्त लोक या एका जिल्ह्यात जन्मलेले निघाले. (तेव्हा आमचा भाग रत्नागिरीतच होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं लोक फॉर्मवर ‘जि. रत्नागिरी’च लिहीत होते. आम्ही खोडत बसायचो नाही.) त्या लोकांचं जेवण खानावळीत, झोपणं गावकीच्या खोलीत पाळीपाळीने, आणि बायकामुलं गावात. म्हणजे एकच संसार दोन ठिकाणी, आणि मधे तीनशे मैल. पोस्टाने पैसे घरपोच दिले नसते तर ही रचना इतकी वर्षं टिकली नसती, असं माझं मत आहे. गिरण्यांना कामगाराच्या बायकामुलांसाठी खोल्या बांधाव्या लागल्या नाहीत, कारण त्यांचा खर्च दर महिन्याला डोंगर उतरून येत होता.

डोंगर उतरून, हे मुद्दाम म्हणतो. पिनकोड बघा. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला आणि त्याची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे आमच्याच कोकणातले, संस्कृतचे कवी आणि नाटककार. कणकवली ४१६६०२, मालवण ४१६६०६. यातले पहिले तीन आकडे कोल्हापूरचे. रत्नागिरीचे तसेच साताऱ्याशी जुळतात, ४१५. नकाशावर आम्ही समुद्राकाठचे, पण टपालाच्या हिशेबात घाटावरच्या माणसांचे शेजारी. संस्कृतात काव्यं करणाऱ्या माणसाने सहा आकड्यांत अख्खा देश बसवला, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. आमच्या खात्यात मात्र त्यांचं नाव सांगितल्यावर ‘कोण?’ असं विचारणारे साहेब मी पाहिले आहेत.

आता फॉर्मकडे येतो. वर रक्कम, आकड्यांत आणि अक्षरांत. मग घेणाराचं नाव-पत्ता, पाठवणाराचं नाव-पत्ता. एक भाग पोचेचा. त्यावर घेणाराची सही किंवा अंगठा घेऊन तो पाठवणाराकडे परत जायचा. खाली एक छोटं कूपन, निरोपासाठी. ते घेणाराने ठेवून घ्यायचं. माझ्या काळातला मोठा भाग कमिशन वीस रुपयांना एक रुपया होतं, म्हणजे शंभरावर पाच. आज कोणी पैसे पाठवायला पाच टक्के मागितले तर लोक मोर्चा काढतील. तेव्हा गरिबाने ते मुकाट्याने भरले, कारण त्या पाच रुपयांत पैसे, पत्र आणि पोचपावती असं तीनही व्हायचं. कूपनावर दोन-तीन ओळी मावायच्या. ‘मी खुशाल आहे. गुरवाचे दहा द्यावेत. रेडा विकू नये. बाकी पत्री.’ ते ‘बाकी पत्री’चं पत्र बहुतेक वेळा कधीच यायचं नाही.

हे कूपन खाजगी होतं, असं कोणी समजू नये. पोस्टमन ओटीवर बसायचा, पाणी प्यायचा, मग पैसे मोठ्याने मोजायचा आणि निरोपही मोठ्यानेच वाचायचा, कारण घरात वाचणारं कोणी नसायचं. अंगठा असला तर साक्षीदार लागायचा, म्हणून शेजारच्या शाळकरी पोराला हाक. तो पोरगा कितीदा तरी मीच. त्यामुळे कोणाच्या मुलाने ह्या महिन्यात पंधरा रुपये कमी पाठवले, हे संध्याकाळपर्यंत वाडीला ठाऊक. पोस्टमनच्या हातावर चार-आठ आणे ठेवायचे, ही रीत. पैसे कमी आले तरी रीत तेवढीच.

आणि नाव. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. मनीऑर्डर यायची ती आजोबांच्या नावावर. शेत आई करायची, गुरं आई बघायची, दुकानदाराशी आईच बोलायची; पैसे मात्र आजोबांच्या हातात पडायचे आणि तिथून धोतराच्या सोग्याला. आईला मीठ-रॉकेलला पैसे हवे असले की ती आजीला सांगायची, आजी आजोबांना सांगायची, आणि आजोबा ‘बघूया’ म्हणायचे. त्यांच्याबद्दल मला राग नाही. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं असणार.

आजोबा गेले ते एका महिन्याच्या बारा-तेरा तारखेला. वडील तार मिळताच आले. दिवस चालू असतानाच पोस्टमन आला, पिशवीत आजोबांच्या नावाची मनीऑर्डर. पाठवणारा समोर सुतकात बसलेला, पैसे त्याच्याच घामाचे, घरात चूल पेटवायला पैसे नाहीत, आणि पोस्टमन हात जोडून सांगतोय की घेणारा मयत, मनीऑर्डर परत करावी लागेल. परत म्हणजे लालबागला, पाठवणाराच्या पत्त्यावर, जिथे पाठवणारा नव्हता. तो पोस्टमन आमच्याच वाडीतला, आजोबांच्या तिरडीला खांदा दिलेला. त्याने शेरा लिहिला आणि पिशवी उचलली. पुढे नोकरीत लागल्यावर नियमांच्या पुस्तकात मी तो नियम शोधला. पोस्टमनचं बरोबर होतं.

त्यानंतर मनीऑर्डर आजीच्या नावावर आली. आईच्या नाही. आईचं नाव त्या रकान्यात यायला आणखी सहा-सात वर्षं जावी लागली, आणि ते आजीनेच आणलं. वडील मे महिन्यात आले असताना तिने भाकरी मोडता मोडता सांगितलं, ‘आता पैसे हिच्या नावार घाल. माका नोट वळखाक येणा नाय.’ तिला नोट नीट ओळखता यायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

काउंटरच्या आत गेल्यावर कळलं की हे सगळ्याच घरांत चाललेलं होतं आणि लोकांनी त्यातून वाटाही काढल्या होत्या. एकाच माणसाच्या महिन्याला दोन मनीऑर्डरी यायच्या. मोठी वडिलांच्या नावे, आणि पंचवीस-तीस रुपयांची लहान बायकोच्या नावे, पण ‘मार्फत’ शाळेचे गुरुजी, किंवा तिच्या माहेरच्या पत्त्यावर. ती घ्यायला बाई आठवड्याच्या बाजाराला येताना पोस्टात डोकवायची. ‘मास्तर, माझा काय इला हा?’ आणि जाताना हळूच, ‘घराकडे बोला नको.’ पोस्टात काम करणाऱ्याला अशा किती गोष्टी पोटात ठेवाव्या लागतात, याचं प्रशिक्षण सहारनपूरला देत नाहीत, वडोदऱ्यालाही नाही. नवरा-बायकोत जे प्रेम होतं ते मला बहुतेक या लहान रकमांतूनच दिसलं. मोठी रक्कम कर्तव्याची असायची.

खेड्यातल्या शाखा डाकघरात रोकड ठेवायला मर्यादा असते. एकाच दिवशी बऱ्याच मनीऑर्डरी आल्या की तिथल्या पोस्टमास्तराची पेटी रिकामी, मग आमच्याकडून रोकड मागवायची, ती दुसऱ्या दिवशी पिशवीतून जायची. तोवर कोणाला आधी द्यायचे हे तोच ठरवणार. हा शाखा पोस्टमास्तर बहुधा शाळेतला गुरुजी नाहीतर दुकानदार. जिथे दुकानदार होता तिथे मनीऑर्डर आणि उधारीची वही एकाच टेबलावर. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, सूज्ञांना कळेल.

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत, सिंधुदुर्गात १०३६. राज्यात इतरत्र हा आकडा हजाराच्या खाली घसरतो म्हणून काळजी करतात, आणि आमच्याकडचा वर आहे म्हणून अभिमानाने सांगतात. त्यात अभिमानाचं काय आहे ते मला कळलेलं नाही. आमच्याकडचे पुरुष गावात नसतात, एवढाच त्याचा अर्थ.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मुंबईत तो कसा दिसला हे पुष्कळांनी लिहिलंय. मी तो काउंटरवरून पाहिला. फेब्रुवारीत मनीऑर्डरींच्या रकमा निम्म्यावर आल्या, कारण जानेवारीचा पगार तेवढ्याच दिवसांचा. मार्चमध्ये मनीऑर्डरींची चळत एका मुठीत मावायला लागली. एप्रिलमध्ये जे झालं ते आमच्या जुन्या पोस्टमास्तरांनीही कधी बघितलेलं नव्हतं : बायका मनीऑर्डर करायला आल्या. गावातून मुंबईला. कोणी आंब्याच्या बागेतल्या मजुरीचे, कोणी काजूच्या बियांचे, कोणी शेळी विकलेले. खोलीचं भाडं थकलंय, खानावळवालीचं देणं आहे, म्हणून. फॉर्म मला भरायला सांगायच्या. पाठवणाराचं नाव काय लिहू, असं विचारलं की एकीने बराच वेळ विचार करून नवऱ्याचंच नाव सांगितलं. पाठवणारा तोच आणि घेणाराही तोच. मी तिला समजावलं, आणि मग तिचं नाव लिहिलं.

पावसाळ्यापर्यंत पुरुषच परत आले. ओटीवर बसून राहिलेले पुरुष, ज्यांना शेतातलं काही धड येत नव्हतं आणि बायकोला विचारायची सवय नव्हती. माझे वडीलही त्यांतलेच. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी जाहीर झालंच नाही. तो विरत गेला. पुन्हा मनीऑर्डरी सुरू झाल्या तेव्हा पाठवणारांचे पत्ते बदललेले होते. लालबाग, परळ, शिवडी कमी; नालासोपारा, दिवा, कळवा जास्त. रकमा लहान आणि बेभरवशाच्या. दहा तारीख संपली. वॉचमनचा पगार कधीही होतो, कधी होतही नाही. आणि पाठवणाराच्या रकान्यात बायकांची नावं यायला लागली. बाई मुंबईत चार घरची धुणीभांडी करतेय, नवरा गावात मुलांपाशी. आधीही अशा थोड्या होत्याच. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायका. प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. आमच्या वाडीतली एक विधवा लालबागला वीस माणसं जेवायला घालून दिराच्या शिक्षणाला पैसे पाठवायची. पण तिला गावात अपवाद समजत. संपानंतर अपवाद उरला नाही.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते भराभरच झालं. संगणक आले. २००८च्या सुमारास मनीऑर्डरीचा कागद प्रवास करायचा बंद झाला, नुसती माहिती जाऊ लागली. निरोपासाठी ठरावीक वाक्यांची यादी आली, त्यातला क्रमांक सांगायचा. रेडा विकू नये, याला क्रमांक नव्हता. २०१३च्या जुलैमध्ये तार बंद झाली तेव्हा शेवटच्या दिवशी शहरांत लोकांनी रांगा लावून स्वतःच्याच पत्त्यावर तारा केल्या. मला ते पटलं नाही. आमच्याकडे तार आली की बायका आधी रडायला सुरुवात करायच्या, मग मजकूर विचारायच्या. २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हाही व्हॉट्सअॅपवर हळहळीचे संदेश फिरले. पाठवणाऱ्यांतल्या किती जणांनी गेल्या दहा वर्षांत रजिस्टर केलं होतं, देव जाणे.

मी निवृत्त झालो त्याच २०१६ सालच्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं. नोव्हेंबरात नोटबंदी. आज त्या यूपीआयवरून महिन्याला दोन हजार कोटींच्या घरात व्यवहार होतात. २०२५च्या ऑगस्टमध्ये तो आकडा ओलांडला. पैसे पाठवायला कमिशन नाही. माझा मुलगा पुण्याला आहे. तो पैसे पाठवतो ते त्याच्या आईच्या फोनवर. मला नाही. सुरुवातीला मी विचारलं, किती आले? ती म्हणाली, ‘आले पुरेसे.’ चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या रकमा मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली रक्कम ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलंय. सुनेला तेवढं आवडत नसावं. पुण्याहून किती जातात ते तिलाही तो सांगत नाही, असं ऐकतो. यूपीआयमध्ये निरोप लिहायला जागा असते. आमच्या हिच्या फोनवर ती नेहमी रिकामी असते. मुलाला विचारलं तर म्हणतो, रोज व्हिडिओ कॉल करतो ना.

शाखा डाकघरं मात्र रिकामी झाली नाहीत, उलट कोणालाही वाटेल त्याहून जास्त भरली. २०१८च्या १ सप्टेंबरला पोस्टाची पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली. आता डाकसेवक हातात फोन आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. आधार क्रमांक, अंगठा, पैसे. साक्षीदार लागत नाही. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचे अंगठे चिरेखाणीत, भातात, माशांच्या मिठात झिजलेले. यंत्र ओळखत नाही. शाईला असलं काही कळत नव्हतं. कसलाही अंगठा तिला चालायचा.

आणि २०२४च्या जुलैपासून लाडकी बहीण. महिन्याला १५०० रुपये, २१ ते ६५ वर्षांच्या बाईच्या स्वतःच्या खात्यात. मतांसाठी दिले, तिजोरीला झेपणार नाहीत, हे मीही नाक्यावर तावातावाने बोलतो. पण पोस्टातल्या माणसाच्या डोळ्यांनी बघितलं तर घेणाराच्या रकान्यात सरकारने सरळ बाईचं नाव लिहिलं, मार्फत कोणी नाही. त्या पैशांतून आमच्या शेजारणीने कोंबड्यांची खुराडी केली आणि नवऱ्याला खुराडी झाल्यावर दाखवली.

मग २०२५च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही तपासायचं, कुटुंबाचं उत्पन्न कळावं म्हणून. अडीच लाखांची मर्यादा आहे, तेव्हा तपासायला हवंच, हे मान्य. पण शेजारणीच्या नवऱ्याचं आधार ज्या फोनला जोडलंय तो फोन त्याच्यासोबत नालासोपाऱ्याला, एका कंपनीच्या गेटवर. ओटीपी येतो तेव्हा तो राउंडवर असतो, आणि तो फोन बघतो तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते. तिने तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा तिने त्याला आधीच सांगून ठेवलं, तर रेंज नव्हती. तिचं स्वतःचं आधारही अजून त्याच्याच नंबरला जोडलेलं निघालं. ते बदलायला तिला तालुक्याच्या आधार केंद्रावर बुधवारची वेळ मिळाली आहे. सकाळच्या एसटीने मी तिच्याबरोबर जातोय; यंत्रावर बसणारा मुलगा माझ्या हाताखाली शिकलेला आहे, आणि तिचा अंगठाही चिरेखाणीतलाच आहे.